टिकलीसारखा पडदा

लेखमाला : पडद्याच्या पोटात — लेखांक ९

गेल्या रविवारी भाचीने तिचा जुना ई-बुक रीडर माझ्या हातात ठेवला. दप्तरात दोन जाडजूड पुस्तकांच्या मध्ये दबून त्याचा पडदा गेला होता. वरच्या भागात ती वाचत होती त्या पानाच्या सात-आठ ओळी जशाच्या तशा होत्या आणि त्यांच्या खाली नुसत्या उभ्या रेघा. बॅटरी कधीच संपलेली, तरी अक्षरं जागची हलली नव्हती. पडद्यावरून बोट फिरवलं, नखाने चाचपलं. तडा सोडाच, ओरखडासुद्धा लागेना.

"मामा, मग तुटलंय कुठे?" तिने विचारलं.

तिला विचारून तो उघडला. मागचं कव्हर निघालं, पडद्याची पातळ पाटी हातात आली आणि ती किंचित वाकवताच आतून कचकच ऐकू आली. तडा आतल्या काचेला होता. कटरचं पातं एका कोपऱ्यातून अलगद आत सरकवलं, तर काचेवरचा थर उचलला जाऊ लागला. मेणकापडासारखा लवचीक, राखाडी पापुद्रा. त्याच्या पाठीला चिकट गोंद आणि त्या गोंदात रुतलेले काचेचे बारीक कण. खिशातल्या भिंगाखाली धरल्यावर त्यात गच्च दाटीने बसलेले गोल-चौकोनी ठिपके दिसले, ओल्या वाळूचे कण एकमेकांना खेटून बसावेत तसे.

हा पापुद्रा म्हणजेच पडदा. खालची काच त्याला हुकूम सोडते, पण अक्षर उमटतं ते पापुद्र्यात. दोन्ही वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होतात आणि शेवटी एकमेकांना चिकटवले जातात. इलेक्ट्रॉनिक शाईवर जिथे जिथे लिहिलं गेलं तिथे शाईचं कौतुक भरपूर झालं. ते योग्यच आहे. पण ही शाई प्रयोगशाळेतून घराघरांत पोचली ती या चिकटवण्याच्या युक्तीमुळे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आजचा लेखांक गोंदाचा आणि सोलायच्या कागदाचा.

मागच्या लेखांकात एलसीडीचा पडदा कसा बनतो ते पाहिलं होतं. दोन काचा, त्यांच्यामध्ये केसाच्या जाडीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढी फट, ती फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून पेरलेले सूक्ष्म टेकू आणि आत कोंडलेला द्रव. जुन्या पद्धतीत रिकामी काचपेटी निर्वात कक्षात ठेवून तिच्या कडेचं बारीकसं तोंड द्रवात बुडवायचे आणि मग हवा आत सोडायचे. हवेच्या दाबाने द्रव फटीत चढे, पण मोठ्या पडद्याला त्यासाठी तासन्‌तास लागत. पुढे एका काचेवर थेंब टाकून वरून दुसरी काच बसवण्याची पद्धत आली आणि वेळ वाचला. तरी दोन कटकटी उरल्याच. एक म्हणजे फट राखणं. दुसरी म्हणजे जुळणी. वरच्या काचेवरचा लाल-हिरवा-निळा चौकोन खालच्या काचेवरच्या नेमक्या आपल्या बिंदूवरच बसला पाहिजे, मायक्रॉनमध्ये मोजावं इतक्या काटेकोरपणे.

द्रवात तरंगणाऱ्या विद्युतभारित कणांचा पडदा करायची कल्पना तशी जुनी. जपानच्या मात्सुशिता कंपनीत इसाओ ओटा यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच तसा पडदा करून दाखवला होता. वीज लावली की रंगीत द्रवातले पांढरे कण वर येत, उलटी लावली की तळाला जात. पण असे कण कालांतराने एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होत, किंवा सगळे खालच्या कडेला जाऊन साचत. शिवाय पुन्हा तीच काचपेटी, तीच फट, तोच कोंडलेला द्रव.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कोमिस्की व जे. डी. अल्बर्ट यांनी यावर तोड काढली. द्रव एका मोठ्या पेटीत ठेवण्याऐवजी त्यांनी तो लाखो सूक्ष्म कुप्यांमध्ये वाटून टाकला. केसाच्या जाडीएवढी एकेक पारदर्शक कुपी, तिच्यात रंगहीन तेलकट द्रव, पांढरे कण आणि काळे कण. दोघांचे विद्युतभार परस्परविरुद्ध, त्यामुळे पांढरे वर आले की काळे आपोआप खाली जातात. पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा, म्हणजे घराच्या भिंतींना लावायच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. कण आपल्या कुपीबाहेर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे एका कडेला साचण्याचा प्रश्नच मिटला. वीज काढून घेतली तरी कण होते तिथेच थांबतात. भाचीच्या पानावरच्या त्या ओळी म्हणूनच अजून वाचता येत होत्या. १९९७ साली ई इंक ही कंपनी निघाली आणि १९९८ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झालं.

या कुप्या करायची कृती ऐकली तर घरातलीच वाटेल. जिलेटिन आणि अकेशियाचा डिंक, म्हणजे आपल्या बाभळीच्या भावकीतल्या झाडाचा डिंक, यांच्या पाण्यात तेलाचे थेंब ढवळायचे. पाण्याची आंबटता आणि तापमान नेमकं साधलं की जिलेटिन आणि डिंक एकमेकांना धरून थेंबाभोवती साल धरतात. ही विद्या कागदवाल्यांची. दुकानदाराकडची काही पावतीपुस्तकं अशी असतात की मध्ये कार्बन न घालताही खालच्या पानावर नक्कल उमटते. अमेरिकेतल्या एनसीआर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी १९५०च्या दशकात त्या कागदासाठी अशाच कुप्या बनवल्या होत्या. तिथे पेनाच्या दाबाने कुपी फुटली पाहिजे, इथे ती वर्षानुवर्षं फुटता कामा नये, एवढाच काय तो फरक.

द्रव कुप्यांत बंद झाला आणि त्याबरोबर एक मोठी गोष्ट घडली. आता या शाईला काचपेटीची गरज उरली नाही. कुप्या पाण्यात कालवून त्यात बांधून ठेवणारा चिकट पदार्थ घातला की जे तयार होतं ते धिरड्याच्या पिठासारखं पसरवता येतं. फट राखायला टेकू नकोत, कारण कुपीची उंची हीच फट. मग हे पीठ पसरवायचं कशावर?

पहिला विचार कुणालाही सुचेल तो असा : हुकूम सोडणारी ती खालची, ट्रान्झिस्टरवाली काच घ्यायची, तिच्यावरच शाईचा थर द्यायचा, वाळवायचा, वर पारदर्शक विद्युतवाहक थर चढवायचा आणि झालं. यातली अडचण कारखान्यात उभं राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. ट्रान्झिस्टरची काच ही या वस्तूतला फार महागाचा भाग. तिच्यावर ओलं पीठ ओतून, वाळवून, मग पुढचे थर चढवत जायचं म्हणजे प्रत्येक पायरीला ती काच पणाला लावायची. साधा हिशोब करा. एकेका पायरीत १०० पैकी ९५ नग चांगले निघतात असं धरलं, तर अशा पाच पायऱ्यांनंतर १०० पैकी ७७च हाती लागतात आणि दहा पायऱ्यांनंतर ६०. कारखान्यात ज्याला रिजेक्शन म्हणतात त्याचा ढीग असा गुणाकाराने वाढतो, आणि त्या ढिगातल्या प्रत्येक नगाबरोबर एक महाग काच कचऱ्यात जाते.

ई इंकने उलटा मार्ग धरला. शाई काचेवर घालायचीच नाही. ती आधी प्लास्टिकच्या फिल्मवर पसरायची आणि काचेला सर्वांत शेवटी हात लावायचा.

फिल्म म्हणजे पाण्याच्या बाटल्या ज्याच्या होतात तेच पॉलिएस्टर. तिच्या एका बाजूवर इंडियम टिन ऑक्साइडचा इतका पातळ थर दिलेला असतो की तो आरपार दिसतो आणि तरी वीज वाहून नेतो. अशी फिल्म गुंडाळीच्या रूपात मिळते. गुंडाळी एका टोकाने उलगडत जाते, तिच्या वाहक बाजूवर कुप्यांचं पीठ एकाच थरात पसरलं जातं, वाळताना कुप्या चपट्या होऊन एकमेकींना खेटून बसतात. भिंगाखाली मला दिसली ती हीच दाटी. तिकडे दुसऱ्या एका गुळगुळीत, सहज सुटणाऱ्या फिल्मवर गोंदाचा थर दिलेला असतो. तो गोंद कुप्यांच्या थरावर दाबून बसवतात आणि ती सहज सुटणारी फिल्म तशीच राहू देतात. या चौपदरी पट्ट्याला त्या धंद्यात 'फ्रंट प्लेन लॅमिनेट' म्हणतात. चौथा पदर फक्त सोलून टाकण्यासाठी.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा डोळ्यांसमोर टिकल्यांचं पाकीट आलं. टिकली कारखान्यातच कापलेली, तिच्या पाठीला गोंद तिथेच लागलेला, आणि तो गोंद सुकू नये, धूळ धरू नये म्हणून गुळगुळीत कागदावर बसवलेली. घरी फक्त सोलायची आणि कपाळावर दाबायची. पडद्याचंही तेच केलं. शाईवाला आपल्या गावी गुंडाळ्यांवर गुंडाळ्या तयार करतो, काचवाला आपल्या गावी काचा. जोडणीच्या कारखान्यात गुंडाळीतून हव्या त्या मापाचा तुकडा कापायचा, मागची फिल्म सोलायची आणि काचेवर लावून गरम रोलरखालून काढायचा.

टिकलीची उपमा आणखी एका बाबतीत चपखल बसते, आणि माझ्या लेखी या सगळ्या योजनेतलं खरं सौंदर्य तिथेच आहे. शाईच्या पट्ट्यावर कुठलीही नक्षी नाही. वरचा वाहक थर सलग, कुप्यांचा थर सलग, गोंद सलग. बिंदू कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवतं ते फक्त खालच्या काचेवरचं ट्रान्झिस्टरांचं जाळं. एखादी कुपी दोन बिंदूंच्या सीमेवर आली तरी चालतं. तिच्या अर्ध्या भागातले कण वर जातात, अर्ध्यातले खाली. त्यामुळे पट्टा थोडासा सरकून बसला तरी चित्रावर काहीच परिणाम होत नाही. एलसीडीत मायक्रॉनची जुळणी लागे, इथे ती लागतच नाही.

जागा बघून करावं लागतं असं काम एकच उरतं. वरच्या वाहक थराला वीज द्यायची, पण वायरी सगळ्या खालच्या काचेवर. मग एखाद्या कोपऱ्यात शाई आणि गोंद खरवडून वाहक थर उघडा करायचा आणि त्या खिडकीतून वाहक लेपाचा ठिपका देऊन वरचा थर खालच्या काचेशी जोडायचा. वाहक थर इतका नाजूक की खरवडणारा हात जरा जड पडला तर तोच निघून येतो. ही खिडकी कमीत कमी त्रासात कशी करायची यावर या कंपनीच्या पेटंटांमध्ये बरंच डोकं खर्च झालेलं दिसतं.

आता त्या सोलायच्या फिल्मबद्दल थोडं, कारण तिच्याकडून एक जास्तीचं काम करून घेतलं आहे आणि ते मला फार आवडतं. ई इंकच्या २००६ साली मंजूर झालेल्या अमेरिकन पेटंटमध्ये ते सांगितलेलं आहे. ही फिल्म नुसतं प्लास्टिक न ठेवता तिच्यावर धातूचा पातळ मुलामा द्यायचा. मग वरचा वाहक थर आणि मागचा धातूचा मुलामा यांच्यामध्ये शाई सापडते. दोघांना वीज लावली की अख्खा तुकडा एकदम पांढरा, उलटी लावली की एकदम काळा. कुठे कुपी फुटलेली असेल, थर विरळ पडला असेल, गोंदात पोकळी राहिली असेल, तर तो डाग तिथल्या तिथे दिसतो. म्हणजे पडदा पडदा व्हायच्या आधीच त्याची परीक्षा घेता येते. वाईट तुकडा टाकून द्यायचा, काच कपाटात सुरक्षित. ट्रान्झिस्टरच्या काचेचीही अशीच वेगळी तपासणी होते. दोन तपासलेल्या वस्तूंची गाठ शेवटी मारायची, असा सगळा बेत. लग्नात डबे भरून पाठवायच्या आधी प्रत्येक पदार्थ वेगवेगळा चाखणाऱ्या आचाऱ्याची आठवण होते. डबा बंद झाल्यावर मीठ कमी आहे हे कळून उपयोग काय?

राहिला गोंद. वाचताना तो कधीच दिसत नाही, पण पडदा बिघडवण्याची सर्वांत जास्त ताकद त्याच्यातच आहे. पहिलं काम अर्थातच चिकटणं. कुप्यांची पाठ खडबडीत असते, काचेवर ट्रान्झिस्टरांचे चढ-उतार असतात, आणि गोंदाने गरम झाल्यावर मऊ होऊन हे सगळे खळगे भरून काढले पाहिजेत. एक बुडबुडा राहिला की तेवढ्या जागेपुरती वीज शाईपर्यंत नीट पोचत नाही आणि पानावर कायमचा डाग पडतो. झेरॉक्सच्या दुकानात कार्डाला लॅमिनेशन मारताना ते एका कडेने रोलरमध्ये जातं आणि हवा पुढे पुढे ढकलली जाते. इथेही तसंच, फक्त धूळ नसलेल्या खोलीत आणि फार जपून.

दुसरं काम अवघड. गोंद शाई आणि काच यांच्या मधोमध बसलेला, म्हणजे वीज त्याच्यातूनच जाणार. तो फार अडवणारा निघाला तर काचेने दिलेल्या १५ व्होल्टमधला मोठा वाटा गोंदातच संपतो आणि शाईला उरलंसुरलं मिळतं. कण सुस्तावतात, पान पुसट बदलतं. मग जास्त वीज वाहू देणारा गोंद घ्यावा? तर वीज सरळ वर जाण्याऐवजी आडवीही पसरते आणि एका बिंदूचा हुकूम शेजारच्या बिंदूला ऐकू जातो. काळ्या रेषेच्या कडा फुगतात. रोमन लिपीत हे एक वेळ खपून जाईल. आपल्या देवनागरीत अनुस्वाराचा ठिपका फुगून शिरोरेघेला टेकेल आणि 'ष'च्या पोटातली तिरपी रेघ पोटासकट भरून जाईल. २०१६च्या डिसेंबरमध्ये किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली. तिथल्या मराठी पानावरची जोडाक्षरं स्वच्छ दिसतात, त्यात अक्षराच्या फाँटइतकाच या न दिसणाऱ्या गोंदाचाही हात आहे. ना फार कोरडा, ना फार वाहता, असा मधला गोंद शोधण्यात रसायनशास्त्रज्ञांची वर्षं गेली आहेत. तो बहुधा पॉलियुरेथेनच्या जातीतला असतो.

त्यात हा गोंद हवेप्रमाणे बदलतो. ओलावा शोषला की वीज जास्त वाहू देतो, कोरडा पडला की कमी. थंडीत त्याचं वागणं वेगळं, उकाड्यात वेगळं. म्हणून पडद्याच्या चारी कडा ओलाव्याला अडवणाऱ्या लेपाने बंद करतात. तापमान मोजून त्याप्रमाणे विजेचे धक्के लांब-आखूड करण्याचं काम रीडरमधली चिप करते. कडाक्याच्या थंडीत रीडर पान उलटायला रेंगाळतो तो यामुळेच.

या रीतीने बनलेले पडदे बाजारात कसे आले ते थोडक्यात सांगतो. २००४ साली जपानमध्ये सोनीचा लिब्रिए आला. त्यामागे ई इंकबरोबर फिलिप्स आणि टोप्पन ही छपाईतली मोठी जपानी कंपनी होती. नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचा किंडल आला, सहा इंची पडदा आणि काळ्या-पांढऱ्याच्या चार छटा. २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलने ई इंक विकत घेतली. ही तैवानी कंपनी पडद्यांची खालची, ट्रान्झिस्टरांची काच बनवणारी. म्हणजे टिकली बनवणारा आणि कपाळ बनवणारा एकाच घरात आले.

शाई प्लास्टिकवर आणि ट्रान्झिस्टर काचेवर, अशी फारकत असल्यामुळे आणखी एक दार उघडलं. ट्रान्झिस्टरही प्लास्टिकवर करता आले, तर अख्खा पडदाच न फुटणारा होईल. २०१३ मध्ये सोनीने कागदाच्या आकाराचा, १३.३ इंची असा लवचीक पडद्याचा रीडर काढला. शाईचा पट्टा तिथेही तसाच सोलून लावायचा, खाली काच आहे की प्लास्टिक याच्याशी त्याला कर्तव्य नाही. भाचीचा रीडर तसा असता तर दोन पुस्तकांच्या मध्ये दबून तो बहुधा वाचला असता.

रंग आले आणि जुनी कटकट परत आली. काळ्या-पांढऱ्या शाईवर लाल-हिरव्या-निळ्या चौकोनांची गाळणी बसवली की रंग दिसतो, पण मग प्रत्येक चौकोन खालच्या आपल्या बिंदूवरच पडला पाहिजे. म्हणजे सलग पट्ट्याचा फायदा गेला. ई इंकच्या २०१०च्या ट्रायटन पडद्यात गाळणी काचेवर होती. पुढच्या कॅलिडो पडद्यांत रंग छापून घेतले, मधला अंतर राखणारा जाड थर कमी झाला आणि रंग शाईच्या जवळ आले. तरी एका रंगीत ठिपक्याला कित्येक बिंदू खर्ची पडतात. कॅलिडो ३ मध्ये काळी अक्षरं इंचाला ३०० बिंदूंची, तर रंग १५० चे.

दुसरी वाट मला जास्त मोह घालते. गाळणीच नको, कणच रंगीत करा. पांढरे, निळसर, किरमिजी आणि पिवळे असे चार प्रकारचे कण एकाच द्रवात, आणि विजेच्या धक्क्यांच्या वेगवेगळ्या क्रमाने हवा तो कण वर आणायचा. २०१६ मध्ये ई इंकने हा पडदा दाखवला. या जातीच्या पडद्यावर २०२४ साली रीमार्केबल कंपनीची लिहायची पाटी आली. सुरुवातीच्या पडद्यांवर रंगीत चित्र बदलायला कित्येक सेकंद लागायचे, आणि अजूनही रंग मोबाइलइतके चपळ नाहीत. पण थर पुन्हा सलग झाला. नक्षी नाही, जुळणी नाही. पुन्हा सोलायचं आणि लावायचं.

भाचीच्या रीडरचा पापुद्रा मी टेबलावर तसाच ठेवला होता. चिकटपट्टी लावून त्याच्या पाठीचे काचेचे कण काढले, कडा कात्रीने सरळ केल्या. काचेपासून सोलून निघाला तरी त्यावर एक ओळ अर्धीमुर्धी शाबूत होती, कारण कण आपापल्या कुप्यांत होते तिथेच होते. तिने तो तुकडा नव्या पुस्तकात खूण म्हणून घातला आहे. ती अर्धी ओळ कुठल्या पुस्तकातली ते तिला पाठ आहे, पण मला सांगत नाही.

पुढच्या लेखांकात खालची काच, म्हणजे ट्रान्झिस्टरांचं जाळं.